राखणदाराला बाहेर काढून राखण

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं १९ जून २०२४ रोजी वाघांच्या राज्यांना एक पत्र धाडलं. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात अजून ५९१ गावं आहेत, त्यांत ६४,८०१ कुटुंबं राहतात, ती हलवण्याचं काम फार रेंगाळलंय. तेव्हा कधी हलवणार त्याचा कालबद्ध आराखडा द्या, असा त्या पत्राचा सूर. याआधी २५७ गावं हलवून झाली आहेत.

ही गावं कुणाची? बहुतेक गोंडांची, कोरकूंची, बैगांची, सोलिगांची, जेनू कुरुबांची. ज्यांच्या जंगलात वाघ शिल्लक राहिला, त्यांची. ज्यांच्या शिवारातला वाघ आज्या-पणज्याच्या काळातच संपला, त्या गावांना कुणी पत्र पाठवत नाही. मध्य भारतापुरता वाघांचा नकाशा घ्या, आदिवासी तालुक्यांचा घ्या आणि एकावर एक ठेवा. दोन्ही बऱ्याच अंशी जुळतात. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वर्षातून दोनदा, वन्यजीव सप्ताहात आणि व्याघ्र दिनाला, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं: वन्यजीव संवर्धनात आदिवासींना सहभागी करून घेतलं पाहिजे. टाळ्या पडतात. प्रत्यक्षात तो सहभाग कसा असतो? आगीच्या हंगामात चार महिने रोजंदारीवर फायर वॉचर. जाळरेषा काढायला मजूर. वाघ मोजायच्या वेळी कॅमेरे झाडाला बांधायला दोन पोरं. जिप्सीत पुढच्या सीटवर गाईड. ही कामं हलकी नाहीत आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण कुठलं जंगल जाळायचं, कुठलं राखायचं, कुठं चराई बंद करायची, पर्यटनाचं गेट कुठं उघडायचं, हे ठरवताना यातल्या कुणालाही विचारलं जात नाही. अंगमेहनत त्यांची आणि निर्णय दुसऱ्याचा, याला सहभाग म्हणायचं नाही. ती मजुरी आहे, आणि मजुरी म्हणूनही ती वेळेवर मिळत नाही अशी ओरड गावोगावी असते.

कायदा याच्या उलट बोलतो. २००६ साली दोन गोष्टी घडल्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये दुरुस्ती होऊन व्याघ्र प्रकल्पांची स्वतंत्र तरतूद आली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. गाभा क्षेत्रातून गाव हलवायचं तर आधी त्या गावाचे वनहक्क मान्य झाले पाहिजेत. मग त्या भागाची माहिती असलेल्या शास्त्रज्ञांशी बोलून दाखवून दिलं पाहिजे की इथं माणूस आणि वन्यप्राणी एकत्र राहूच शकत नाहीत, दुसरा मार्गच नाही. मग ग्रामसभेची सगळं समजून दिलेली संमती हवी. आणि नव्या जागेवर घरं-जमिनी तयार हव्यात. हा क्रम आहे. आपल्याकडे सुरुवात होते ती पॅकेजच्या आकड्यापासून. कुटुंबामागे आधी १० लाख होते, २०२१ पासून १५ लाख. शाळा बंद, रस्त्याला परवानगी नाही, वीज नाही, रानडुकरांनी शेत उकरलं तर भरपाईला हेलपाटे. असं दहा वर्षं काढलेल्या माणसापुढं १५ लाखांचा कागद ठेवायचा आणि त्यानं अंगठा उमटवला की त्याला 'स्वेच्छा पुनर्वसन' म्हणायचं. त्यातली स्वेच्छा कुठली, हे ज्यानं त्यानं मनाशी ठरवावं.

याच वनहक्क कायद्याचं पाचवं कलम फारसं कुणी वाचत नाही. ते ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता यांचं रक्षण करण्याचा अधिकार देतं, आणि हक्कधारकांवर तशी जबाबदारीही टाकतं. देशाच्या संसदेनं राखणदार नेमून ठेवलेला आहे. नेमणुकीचा कागद त्याच्या हातात द्यायचा तेवढा राहिलाय.

आता तो कागद हातात पडला तर काय होतं ते बघू.

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगनाथस्वामी डोंगर आहे. पूर्व आणि पश्चिम घाट जिथं एकमेकांजवळ येतात तो हा मुलूख. इथले मूळ रहिवासी सोलिगा. डोंगरावरच्या रंगनाथानं कुसुमाले नावाच्या सोलिगा मुलीशी लग्न केलं अशी त्यांची कथा, त्यामुळं देव त्यांचा मेहुणा लागतो. १९७४ मध्ये इथं अभयारण्य झालं. शिकार बंद झाली, फिरती शेती बंद झाली, डोंगरात विखुरलेल्या वस्त्या एका जागी आणून बसवल्या गेल्या आणि जंगलात आग लावायला बंदी झाली.

शिकार थांबली ते चांगलंच झालं. आगीचं मात्र नीट ऐकून घ्यायला हवं होतं. पानगळ सुरू झाली की, हवेत अजून गारवा असताना, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला सोलिगा पाचोळ्याला आग लावत. 'तरगु बेंकी' म्हणतात तिला, पाचोळ्याची आग. जमिनीलगत सरकणारी, वाळली पानं खाऊन पुढं जाणारी. मोठ्या झाडांना तिचा त्रास नाही. खाली नवं गवत फुटायचं, त्यावर हरणं आणि गवे यायचे. आणखी दोन कामं ती आग करायची: घाणेरीची कोवळी रोपं जाळायची आणि आवळ्यावरचं बांडगूळ आटोक्यात ठेवायची. आवळा हा सोलिगांच्या पोटाचा आधार, त्यामुळं कुठल्या झाडावर बांडगूळ चढलंय यावर त्यांची नजर बारीक.

आग बंद झाली. सोलिगा म्हणायला लागले की घाणेरी वाढणार. कुणी मनावर घेतलं नाही. नंतर 'अत्री' या बंगळुरूच्या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तिथं चौकोन आखून झाडोरा मोजला. १९९७ साली ४१ टक्के चौकोनांत घाणेरी होती. २००८ मध्ये ८१ टक्के चौकोनांत. अकरा वर्षांत जवळपास दुप्पट जागा तिनं बळकावली होती, आणि जिथं ती होती तिथं आणखी दाट झाली होती. घाणेरीखाली गवत उगवत नाही. गवत नाही तर हरीण नाही. शिवाय घाणेरी वाळली की तिच्यावरून आग झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. जी आग पूर्वी पाचोळा खाऊन विझायची, तिच्या जागी आता मोठाली झाडं भाजणारा वणवा आला. आज कितीतरी व्याघ्र प्रकल्पांत घाणेरी उपटायला सरकारी निधी खर्च होतो. ज्यांनी हे आधीच सांगितलं होतं, त्यांना तीच घाणेरी उपटायला मजूर म्हणून बोलावलं जातं.

जानेवारी २०११ मध्ये बिळिगिरी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. गावं हलणार अशी धास्ती पसरली. सोलिगांनी आपली संघटना उभी केलेली होती, अभ्यासकांना बरोबर घेऊन आपल्या पूर्वजांच्या जागांचे, देवस्थानांचे, झऱ्यांचे नकाशे बनवले होते. त्या बळावर त्याच वर्षी त्यांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असे हक्क मान्य होण्याची ही पहिली वेळ. हक्क दिले की वाघ संपतील, असं छातीठोकपणे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. २०१० च्या गणनेत तिथं सुमारे ३५ वाघ होते. २०१४ च्या गणनेत ६८. हक्क मिळाले म्हणूनच वाघ वाढले, असं मी म्हणणार नाही. वाघ वाढायला भक्ष्य लागतं, पाणी लागतं, शेजारची जंगलं जोडलेली लागतात आणि चार वर्षं हा काळही थोडा. पण वाघ संपले नाहीत हे तर मान्य कराल? भाकीत करणाऱ्यांपैकी कुणी आपला शब्द मागे घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

सोलिगांची आग मात्र त्यांना परत मिळाली नाही. वनखात्याच्या लेखी जंगलातली आग हा आजही गुन्हाच.

आता आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात या. गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं लहानसं गाव आहे, बहुतांश वस्ती गोंडांची. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं बांबू स्वतः तोडून स्वतः विकायला सुरुवात केली. पैसा आला. पोरं कामासाठी बाहेर जायची, ती गावात थांबायला लागली. इथपर्यंतची गोष्ट तुम्ही मेंढा-लेखा या गावाच्या संदर्भात ऐकली असेल. पाचगावनं पुढं जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला या वाक्याचं वजन कळावं म्हणून थोडं सांगतो. एप्रिल-मेमध्ये शेतात काम नसतं, घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं आणि तेंदूचा हंगाम येतो. पहाटे तीन-चारला उठून अख्खं घर जंगलात जातं. पानं तोडायची, घरी आणून त्यांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायची. दोन-तीन आठवड्यांत हातात येणारी रोकड पावसाळ्याच्या बियाण्याला आणि दवाखान्याला पुरवायची असते. ती रोकड पाचगावच्या ग्रामसभेनं सोडली. कारण चांगलं, कोवळं, मोठं पान हवं तर आधी तेंदूची झुडपं छाटावी लागतात आणि खालची जमीन जाळली जाते. झाड छाटलं की त्याला फळ धरत नाही. तेंदूची फळं माणसं खातात, पाखरं खातात, अस्वल खातं. वर पान जातं विडीला, त्या विडीनं माणसाचं फुप्फुस जातं. बैठक बसली, बोलणं झालं आणि ठरलं. कुठल्याही अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. तेंदूचा लिलाव बंद करा असं सांगणारा अधिकारी मिळणारही नाही, कारण तेंदूतून वर्षानुवर्षं सरकारनंच महसूल काढलाय.

याखेरीज गावानं आपल्या जंगलातला ३४ हेक्टरचा तुकडा अजिबात हात न लावता राखायचं ठरवलं. बांबू कुठला तोडायचा, कोवळे कोंब का वाचवायचे, याचे नियम ग्रामसभेत बसून केले आणि राखणीच्या पाळ्या लावल्या.

जरा थांबून बघा. बिळिगिरीचे सोलिगा म्हणतात, आग लावू द्या. पाचगावचे गोंड म्हणतात, आग बंद करा. दिल्लीत बसून एकच परिपत्रक काढायचं म्हटलं तर यातलं एक गाव चूक ठरणार. पण दोन्ही गावं बरोबर आहेत. तिथलं जंगल वेगळं, इथलं वेगळं. तिथली आग जानेवारीतली आणि पाचोळ्याची, इथली आग उन्हाळ्यातली आणि ठेकेदाराच्या पानासाठी. कुठली आग जंगल जगवते आणि कुठली मारते, हे त्या जंगलात पिढ्यानपिढ्या वावरलेल्या माणसाला कळतं. त्यानं ते ठरवावं, शास्त्रज्ञांनी मोजून पडताळावं, वनखात्यानं दोघांच्या पाठीशी उभं राहावं. संवर्धनात आदिवासींचा सहभाग याचा मी लावतो तो अर्थ इतका साधा आहे. (आणि हो, याचा आधार घेऊन सह्याद्रीच्या उतारांवर काडी टाकणाऱ्या हौशी मंडळींनी स्वतःला सोलिगा समजू नये. त्यांनी लावलेला वणवा हा निव्वळ विध्वंस असतो.)

कौशल्याचं म्हणाल तर तमिळनाडूतल्या इरुळांकडं बघा. साप पकडण्यात या जमातीचा हात धरणारा कुणी नाही. १९७२ च्या कायद्यानं सापांच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि इरुळांच्या चुली विझायची वेळ आली. १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि इरुळांनी मिळून सहकारी संस्था काढली. साप पकडायचा, विष काढायचं, साप पुन्हा रानात सोडायचा. देशात सर्पदंशावरचं प्रतिविष बनतं, त्यासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा या संस्थेतून गेलेला आहे. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात घोणस चावलेला शेतमजूर वाचतो, तेव्हा त्यात कुणा इरुळाचा हात असू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं अजगरांचा उपद्रव आवरायला मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना बोलावून नेलं. त्याआधी २०१६ मध्ये तिथं हजारावर हौशी माणसांनी स्पर्धा म्हणून महिनाभर अजगर शोधले होते, सापडले १०६. या दोघांनी पहिल्या आठवडाभरातच १३ पकडले. २०२३ मध्ये भारत सरकारनं दोघांना पद्मश्री दिली. १९७२ मध्ये ज्यांना कायद्यानं बेरोजगार केलं होतं, त्यांच्याच कामाचा हा गौरव. मधे एकावन्न वर्षं गेली.

आपल्याकडं इतकी वर्षं थांबायचं कारण नाही. अकोला-वाशिम भागातले फासेपारधी गवतातल्या पाखराचा नुसता आवाज ऐकून ते कुठं बसलंय ते सांगतात. इंग्रजांनी त्यांच्या कपाळावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो पुसायला आपला समाज अजून तयार नाही. तणमोर हा माळरानावरचा पक्षी आज नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो, तेवढाच काळ तो नजरेला पडतो. ती जागा, ती वेळ पारध्याला ठाऊक असते. 'संवेदना' या संस्थेनं त्याच पारध्यांना बरोबर घेऊन तिथली माळरानं आणि तणमोर राखण्याचं काम केलं. फास लावणारा हात राखणीला लागतो, फक्त त्याला रोज पोलिसांची भीती नको आणि नावावर थोडी जमीन हवी. आपण मात्र माळरानाला पडीक जमीन म्हणतो, तिथं झाडं लावतो नाहीतर सौर प्रकल्प, आणि वर विचारतो तणमोर कुठं गेला.

समोरच्या बाजूचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. आदिवासीही शिकार करतात. करतात. ससा-डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो, शेताच्या कडेला सोडलेल्या विजेच्या तारेवर वाघ मरतो. लोकसंख्या वाढली, गुरं वाढली, मोबाईल आला, व्यापारी दारात आला. सगळी गावं पाचगाव नाहीत. काही ग्रामसभा कागदावरच आहेत, काहींचा ताबा ठेकेदारानं घेतलाय. गाव हलवल्यानं जंगलाला फायदा झाल्याचीही उदाहरणं आहेत. कान्ह्यातला बारशिंगा १९७० च्या सुमाराला ६६ वर आला होता. सोंफ गाव हलल्यावर तिथं गवत वाढलं आणि बारशिंगा सावरला. हे खरं आहे. पण त्या कुरणाची जमीन मुळात मोकळी कुणी केली होती? बैगांनी आणि गोंडांनी. कान्ह्यात पर्यटक ज्या हिरव्या मैदानात वाघाची वाट बघत बसतात, ताडोबात जामणीच्या ज्या गवतात गाड्या थांबतात, ती कालपर्यंतची शेतं आणि गावठाणं आहेत. माणसानं घडवलेलं जंगल बघायला आपण पैसे देऊन जातो आणि माणूस नसलेलं जंगल बघितलं म्हणून सांगतो.

शिवाय नुसत्या कुंपणानं आणि चौक्यांनी वाघ वाचत नाही, याचा पुरावा सरकारकडंच आहे. सरिस्कातले सगळे वाघ २००५ च्या आत शिकाऱ्यांनी संपवले. पन्नात २००९ पर्यंत एकही उरला नाही. दोन्ही ठिकाणं व्याघ्र प्रकल्पच होती. २०१३ मध्ये मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडी पडली, तेव्हा परराज्यातून आलेल्या टोळ्यांचा माग निघाला. अनोळखी माणूस रानात शिरला हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बाईला. ती चौकीवर येऊन सांगेल की गप्प बसेल, हे चौकीवरचा माणूस तिच्याशी एरवी कसा वागतो यावर ठरतं. मागच्याच आठवड्यात सरपणाच्या मोळीपायी तिची कुऱ्हाड जप्त झाली असेल, तर ती गप्प बसेल. मी तिच्या जागी असतो तर मीही गप्पच बसलो असतो.

जानेवारी २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वाघांचे अभ्यासक यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दोन दशकांत भारतातल्या वाघांचा मुलूख सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. माणूस नसलेले आणि भक्ष्य भरपूर असलेले गाभे वाघांना हवेतच, हेही त्यात आहे, आणि ते मी लपवत नाही. पण आज वाघाच्या एकूण मुलखातला सुमारे ४५ टक्के भाग तो जवळपास सहा कोटी माणसांबरोबर वाटून घेतो. या सहा कोटींना आपण हलवणार नाही, हलवू शकतही नाही. म्हणजे जवळपास निम्म्या मुलखात तरी वाघाचं भवितव्य तिथल्या माणसाच्या मर्जीवर आहे. ती मर्जी पत्रानं राखता येत नाही.

त्या मर्जीची किंमत काय असते तेही सांगायला हवं. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ वाढले याचा आनंद मुंबई-पुण्यात होतो, त्याचे पेढे वाटले जातात. सरणं सिंदेवाहीत रचली जातात. राज्य सरकार मृताच्या वारसाला २५ लाख देतं आणि ते दिलेच पाहिजेत. पण त्या गावानं अजून कुऱ्हाडी घेऊन जंगल पेटवलेलं नाही, याबद्दल आपण कधी कृतज्ञता दाखवली का? पालघर-ठाण्याकडं वारली माणसं वाघोबाला पूजतात. अभ्यासकांनी त्या पट्ट्यात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली आहेत: शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडाची फळी, तीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला त्याला कोंबडं द्यायचं आणि वर्षभर आमच्या गुरावासरांकडं बघू नकोस म्हणून सांगायचं. बिबट्यानं बकरी नेली तरी वारली त्याच्या नावानं बोटं मोडत नाही. इतकी सोशिकता ज्या समाजानं शिल्लक ठेवली आहे, त्यालाच आपण वन्यजीवांचं महत्त्व पटवून द्यायला शिबिरं भरवतो. शिबिरं शहरात भरवा. गरज तिथं आहे.

मागणी मोठी नाही. व्याघ्र प्रकल्पाचा व्यवस्थापन आराखडा बनवताना ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करा. गाभ्यातल्या गावांचे सामूहिक दावे आधी निकाली काढा, पुनर्वसनाचं नाव त्यानंतर घ्या. ज्याला खरोखर जायचंय त्याला सन्मानानं जाऊ द्या, चांगली जमीन द्या. अशी कुटुंबंही आहेत आणि त्यांनाही अडवू नये. ज्याला राहायचंय त्याला शाळा आणि दवाखाना बंद करून हुसकू नका. वनरक्षकांच्या भरतीत त्याच जंगलातल्या पोरांना घ्या आणि वरच्या पदापर्यंत जाऊ द्या. घाणेरी कशी हटवायची याचा प्रयोग करायचा असेल तर दोनशे हेक्टर सोलिगांना द्या, पाच वर्षं त्यांच्या पद्धतीनं राखू द्या आणि मोजा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. यातल्या एखाद्यात तुम्ही गेला असाल किंवा येत्या सुट्टीत जाणार असाल. परत आल्यावर वाघाचा फोटो जरूर टाका, पण त्या प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक अर्जही टाका. गाभ्यातल्या किती गावांनी सामूहिक वनहक्काचे दावे केले, किती मंजूर झाले, किती का फेटाळले आणि हलवलेल्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा संमतीचा ठराव कुठं आहे, त्याची प्रत मागा. उत्तर तीस दिवसांत देणं त्यांना बंधनकारक आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.